कवळीवाल्याचं शून्य

“घाई करू नकोस,” सोबती फूटपट्टी म्हणाला आणि स्वतःच श्वास रोखून उभा राहिला.

घाई करायला कवळीवाल्याच्या अंगात त्राण तरी कुठे उरलं होतं! गोल्फच्या मैदानावरच्या अठराव्या, शेवटच्या हिरवळीवर तो वाकून उभा होता, कमरेचा पट्टा बरगडीखाली रुतत होता आणि चेंडू खळग्यापासून हातभर लांब होता. हातभर! एवढ्या अंतरावरून शेंबडं पोरही चेंडू आत ढकलेल. पण शेंबड्या पोराच्या मागे बावीस वर्षांचे रविवार लागलेले नसतात. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. आठवडाभर मेणात एकेक दात बसवताना केसभरही न हलणारी ती बोटं इथे काठीवर चक्क थरथरत होती.

शेवटी त्याने खळग्याकडे बघायचंच सोडून दिलं. गवताच्या एका पात्यावर नजर ठेवली आणि काठी हलवली. चेंडू निघाला, कडेवर जरासा रेंगाळला आणि आत पडला. टक्.

“बहात्तर!” फूटपट्टी ओरडला. “अरे कवळी, बहात्तर! झालास तू शून्य!”

शून्य झालास म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांत आनंदाने पाणी यावं, असा जगात हा एकच खेळ असावा. गोल्फमध्ये ज्याचा त्याचा एक हँडिकॅप असतो. म्हणजे सरळ भाषेत सवलत. हे मैदान बहात्तर फटक्यांत पुरं व्हावं असं ठरलेलं आहे. तुम्हाला नव्वद लागत असतील तर खेळ वरचे अठरा तुम्हाला माफ करतो, म्हणजे उस्तादासमोर नवशिक्याचीही अब्रू राहते. तुम्ही सुधाराल तशी ही माफी घटत जाते. घटता घटता शून्यावर आली की त्याला स्क्रॅच म्हणतात. मग तुम्हाला कुणी काही माफ करत नाही आणि तुम्हाला ते लागतही नाही. नगरपालिकेच्या या मैदानावर, जिथे निम्मे लोक गुडघ्याला पट्टा लावून येतात आणि उरलेले निम्मे डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून येतात, तिथे स्क्रॅच झालेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता.

आणि कवळीवाला तर या खेळात आला होता तो उसन्या काठ्या घेऊन. धंदा कवळ्या बनवण्याचा. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन साचा पाठवायचे आणि हा घरामागच्या खोलीत बसून त्यावर मेण चढवायचा, दात रोवायचा, घासायचा, चकाकी आणायचा. शहरातली कितीतरी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी हसत होती, पण त्याला ओळखणारं त्यांत कुणी नव्हतं. एका डॉक्टरांनी गंमत म्हणून एका रविवारी त्याला मैदानावर नेलं. पहिलाच फटका त्याच्या हातून असा काही सुटला की हवेत जाऊन दिसेनासा झाला. पुढचे पन्नास फटके शेणात घातल्यासारखे गेले ते सोडा. त्या पहिल्या फटक्याने घात केला.

पुढे डॉक्टर खेळायचे थांबले, हा अडकला. हँडिकॅप अठ्ठावीसचा वीस झाला, विसाचा बारा झाला, बाराचा सहा. मग गाडी हळू झाली. तीन वर्षांपूर्वी एकावर आली आणि तिथेच रुतून बसली. आता तर पाठ बोलायला लागली होती. हँडिकॅप अलीकडच्या चांगल्या फेऱ्यांवरून काढतात, आणि ज्या फेऱ्यांच्या जोरावर तो एकावर होता, त्या जुन्या होऊन हिशेबातून गळत चालल्या होत्या. या हंगामात झालं तर झालं, नाहीतर पुढच्या हंगामात एकाचे तीन होणार, हे त्याला स्वतःला कळत होतं. खरं तर तो दमला होता. पण बावीस वर्षं चढून आल्यावर शेवटच्या पायरीवर बसून राहणं कुणाला जमतं?

“सही करतो बघ,” फूटपट्टी कार्डावर वाकून म्हणाला. हा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून फूटपट्टी. कवळीवाल्याचं कार्ड गेली कित्येक वर्षं तोच लिहीत आला होता. स्वतः त्याचा खेळ यथातथाच. पण रविवारी सकाळी घरात सुनेच्या पायात पायात यायचं नाही एवढ्यासाठी तो मैदानावर यायचा. त्याने सही केली, कवळीवाल्याने केली, आणि दोघांनी मिळून ते कार्ड क्लबाच्या खिडकीतल्या बाईंना दिलं. बाईंनी आकडे दोनदा बघितले, चष्मा वर केला आणि उठून भिंतीवरच्या फळ्यावरचा एक आकडा पुसून तिथे शून्य काढलं. खडूने काढलेलं ते शून्य जरा वाकडंच आलं होतं. कवळीवाला त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“चहा?” फूटपट्टीने विचारलं.

“नको. घरी जातो. तिला सांगायचंय.”

घरी बायको खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, उजवा पाय स्टुलावर. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. ती शाळेत शिकवत होती तेव्हा दिवसभर उभी असायची आणि संध्याकाळी पुन्हा फिरायला निघायची. चालण्याची तिला भारी हौस. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत दोघं रविवारी कालव्याच्या कडेने लोखंडी फाटकापर्यंत जायचे. मग गोल्फ आला. एकदा, फार वर्षांमागे, ती चिडून म्हणाली होती, “सगळे रविवार त्या गवताला देता, मला कधी देणार?” तेव्हा हा मोठ्या उदारपणे बोलून गेला होता, “एकदा शून्य होऊ दे, मग सगळे रविवार तुझे.” तिने ते खरं मानलं. त्याच आठवड्यात चालायचे बूट घेऊन आली. ते बूट अजून खोक्यात होते. तळवे कोरे करकरीत होते, आणि गुडघे मात्र झिजून गेले होते.

तो दारात उभा राहिला तेव्हाच तिला कळलं.

“झालं?”

“झालं.”

ती हसली. पण त्या हसण्याला जरा वेळ लागला, जसा फार वर्षं बंद असलेल्या खिडकीला लागतो. “बसा आधी. पाय पाण्यात टाका. आणि पहिल्यापासून सांगा.”

ही त्यांची रीत होती. तो आला की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचा आणि सगळी फेरी तिला होलवार, म्हणजे एकेका खळग्यापर्यंतचा खेळ, सांगायचा. तिने मैदान कधी पाहिलं नव्हतं, पण तिसऱ्या होलला उजवीकडे डबकं आहे आणि नवव्याला वारा तोंडावर येतो हे तिला पाठ होतं. प्रत्येक होलच्या शेवटी तो म्हणायचा, “आणि टक्.” कवळीचे वरचे-खालचे दात नीट बसले की जो आवाज येतो, तो आवाज ऐकल्याशिवाय तो काम डॉक्टरांकडे पाठवत नसे, तसंच हे. टक् झालं की होल संपलं. ती बऱ्याचदा ऐकता ऐकता पेंगायची, पण आज टक्क जागी होती.

तो रंगात येऊन सांगत गेला. तिसऱ्याचं डबकं कसं चुकवलं, सातव्याला झाडाच्या फांदीने कसा चेंडू आत लोटला, जणू तिला कुणी पैसे चारले होते. “अकराव्याला तीन फटके, आणि टक्. बाराव्याला जरा लांबून आलो. फूटपट्टी आपल्या सुनेचं सांगत होता, तिने म्हणे स्वयंपाकघरात सगळे डबे हलवले. हिरवळीवरचा पहिला हलका फटका खळग्याच्या अगदी ओठावर जाऊन थांबला. मग तेराव्याला…”

“आणि टक्?” ती म्हणाली.

तिने ते सहज विचारलं होतं. पाढे म्हणताना मुलाने एखादा आकडा गाळला की शाळेत सांगायची, तसंच. पण तो बोलायचा थांबला. पाय पाण्यात तसेच. त्याने बाराव्या हिरवळीवर परत जाऊन बघितलं. चेंडू ओठावर थांबला होता. फूटपट्टी डब्यांबद्दल बोलत होता. बोलता बोलता हात हलवून म्हणाला, “उचल.” आणि तो वाकला…

“अगं,” तो म्हणाला, “टक् झालंच नाही.”

“म्हणजे?”

“मी चेंडू उचलला. हाताने.”

आपसात खेळताना असं चालतं. चेंडू खळग्याच्या तोंडाशी आला की समोरचा मोठ्या मनाने “उचल” म्हणतो, म्हणजे तो गेलाच असं धरायचं. पण आजच्यासारख्या, हँडिकॅपसाठी मोजायच्या फेरीत ही मेहेरबानी नसते. तिथे चेंडू खळग्यात पडलाच पाहिजे. चुकून उचलला, तर तिथल्या तिथे परत ठेवायचा, एक फटका दंड घ्यायचा आणि मग आत घालायचा. ते न करता पुढच्या होलला सुरुवात केली की सगळी फेरी बाद. आज बाराव्यानंतर त्याने तब्बल सहा होल खेळले होते.

हे त्याने तिला सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती. एवढ्या वर्षांत नियमही तिच्या कानावरून गेले होते. ती गुडघ्यावरची पिशवी नीट करत बसली.

“कुणी पाहिलं?” तिने विचारलं.

“फूटपट्टीने. आणि त्याच्याही लक्षात नाही.”

“आणि चेंडू किती लांब होता?”

“बोटभर. फुंकर मारली असती तरी पडला असता.”

“मग पडला असंच धरा ना!” तिचा आवाज एकदम चढला, आणि मग तितकाच खाली आला. “मी मेलीने विचारायलाच नको होतं. इतकी वर्षं झोपत आले, आजच कशी जागी राहिले!”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते गोल्फसाठी नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. हातातोंडाशी आलेला घास होता, आणि तो एकट्याचा नव्हता. पाणी गार होत गेलं. मग त्याने पाय बाहेर काढले, पुसले आणि मोजे चढवायला लागला. पाठीमुळे एक मोजा घालायला त्याला दोनदा थांबावं लागलं. तिने उठून मदत केली नाही. पण जाऊ नका असंही म्हणाली नाही.

क्लबात फूटपट्टी अजून चहा पीत बसला होता. कवळीवाला परत आलेला बघून तो हसला. “काय रे, शून्य बघायला आलास का पुन्हा?”

“बाराव्याला तू मला उचल म्हणालास.”

फूटपट्टीचा कप बशीत टेकला. त्याने आठवून बघितलं, आणि चेहरा हळूहळू उतरत गेला. “म्हणालो असेन. अरे, सवयीने आलं तोंडातून. वर्षभर म्हणतोयच की.”

“वर्षभर का म्हणतोस?”

“का म्हणजे?”

“आधी नाही म्हणायचास. जमीन मोजणारा माणूस तू, बोटभर अंतरसुद्धा सोडायचा नाहीस. आता हातभर असला तरी उचल म्हणतोस.”

फूटपट्टीने इकडेतिकडे पाहिलं. “तुझे हात थरथरतात,” तो हळूच म्हणाला. “बघवत नाही मला. म्हणून म्हणतो.”

कवळीवाल्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, आपला खेळ इतका पक्का झालाय की समोरच्याला वेळ घालवावासा वाटत नाही. मित्राची दया तो वर्षभर मान म्हणून खिशात टाकत आला होता. त्याला राग आला नाही. नुसतं खाली बसावंसं वाटलं.

“जाऊ दे ना आता,” फूटपट्टी म्हणाला. “मी कुणाला बोलत नाही. तुझी शपथ.”

“तू नाही बोलणार रे. पण मी तिला रोज दिसणार ना.”

तो खिडकीपाशी गेला. बाई खिडकी बंद करायच्या बेतात होत्या. बाराव्याला काय झालं ते त्याने सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे.

“अहो, मी लिहिलंसुद्धा.”

“हो, पाहिलं मी. छान लिहिलंत. पण ते पुसा.”

“कार्ड बरोबर आहे. दोघांच्या सह्या आहेत. मला कुणी विचारणार नाही, तुम्हाला कुणी विचारणार नाही.”

“बाई, माझी पाठ दुखतेय,” तो म्हणाला, “आणि घरी बायको एकटी आहे. पुसता का?”

त्यांनी पुसलं. शून्याच्या जागी पुन्हा एक आला. मागे फूटपट्टी उभा होता. त्याने नाक शिंकरलं आणि रुमाल खिशात कोंबला. दोघं फाटकापर्यंत बरोबर चालत गेले, नेहमीसारखे. पुढच्या रविवारी किती वाजता, हे मात्र त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.

कवळीवाला घरी पोचला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बादली रिकामी करून पालथी घातलेली होती. बायको खिडकीतच होती.

“पुसलं?”

“पुसलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. खरंच बरं झालं असं तिला वाटत होतं आणि खरंच वाईटही वाटत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडावर दिसत होत्या. “मग येत्या रविवारी परत. अजून हंगाम आहे.”

“नाही. बूट काढ.”

“कुठले?”

“खोक्यातले.”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “शून्य कुठे झालंय? ठरलं होतं तसं होऊ दे. मला दया म्हणून दिलेला रविवार नकोय हं, आधीच सांगते.”

“दया कसली!” तो तिच्या शेजारी बसला आणि बसताना तोंडातून आपोआप हुश्श निघालं. “दमलो गं मी. हे मी बरंच आधी म्हणायला हवं होतं. तू चालत होतीस तेव्हा म्हणायला हवं होतं.”

त्याची नजर माळ्याकडे गेली. तशी ती म्हणाली, “माळ्यावर नाही, कपाटात आहेत. खालच्या कप्प्यात.”

बूट पायात जाईनात. गुडघ्याबरोबर घोटेही सुजत होते. त्याने जमिनीवर बसून नाड्या पूर्ण सैल केल्या, बुटाची जीभ बाहेर ओढली आणि कवळी बसवताना जसा हलक्या हाताने अंदाज घ्यायचा तसा घेत दोन्ही पाय आत बसवले. “चावतात का कुठे?” त्याने विचारलं. हा त्याचा धंद्यातला प्रश्न. ती हसली. “चावत नाहीत. पण यांना मी आता म्हातारी वाटत असेन.”

दोघं निघाले. तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्याचा दंड. पूर्वी कालव्याची कड बोलता बोलता संपायची. आज एकेक दिव्याचा खांब मुक्कामाचं ठिकाण झाला होता. तिला गुडघा थांबवत होता, त्याला पाठ थांबवत होती, आणि कोण कुणासाठी थांबतंय हे दोघंही सांगत नव्हते. एक बाई बाळाची गाडी ढकलत त्यांच्या पुढे निघून गेली. पलीकडच्या काठाला कुणी तरी कुत्र्याला हाका मारत होतं. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, “ते डबकं याच्याएवढं आहे का हो?” आणि तो म्हणाला, “छे, याच्या पासंगालाही पुरणार नाही. मीच वाढवून सांगायचो.”

शेवटच्या वळणावर बाक होतं. तिथून लोखंडी फाटक समोर दिसत होतं, गंजलेलं, पूर्वी होतं तिथेच. ती बाकावर टेकली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि वरचा ओठ घामाने भिजला होता.

“पुरे आता,” तो म्हणाला. “इथून मागे फिरू. फाटक आलंच की, आलं असंच धर.”

तिने मान वर केली.

“धर काय? उठवा मला.”

“अगं, दिसतंय ना समोर. चार पावलं.”

“दिसतंय. आलेलं नाही अजून.”

त्याने तिला उठवलं. ती त्याचा दंड सोडून एकटी पुढे झाली. पाऊल, काठी, दुसरं पाऊल. कोरे तळवे खडीवर करकरत होते. तो बाकापाशीच थांबला. त्याचा हात तिला सावरायला पुढे झाला होता, तो त्याने आवरून धरला. बऱ्याच वेळाने ती फाटकाशी पोचली, तोल सांभाळत उभी राहिली आणि काठी उचलून तिने लोखंडावर आपटली.

टक्.

मग मागे वळून न बघताच तिने विचारलं, “ऐकू आलं का?”

“आलं,” तो म्हणाला, आणि तिला आणायला निघाला.